खिडकीवरचं पोतं

माझी भाची चिवी नेमकं काय काम करते, हे माझ्या भावाला आजतागायत धड सांगता आलेलं नाही. कोणी विचारलं की तो म्हणतो, "आधी टीव्हीत होती, आता गरिबांच्या बँकेत आहे." दोन्ही अर्धवट खरं. टीव्हीवर ती कधी दिसली नाही, आणि जिथे गेली ती बँक नव्हती.

चिवी हे घरातलं नाव. लहानपणी तिचं तोंड म्हणून मिटत नसे. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच, आणि आज वर्गात काय झालं ते सुरू. सगळ्यांचे आवाज काढून. तिची आई म्हणायची, हिला जेवायला वाढलं तरच घरात शांतता. पुढे कॉलेज झालं आणि ती एका बातम्यांच्या वाहिनीत लागली. सुरुवातीला लोकांच्या तोंडासमोर माइक धरायची, मग बातम्या जोडायच्या खोलीत बसायला लागली. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं कापायचं, कुठलं चित्र कशावर टाकायचं, यात तिचा हात बसला. "आत्या, माणूस दहा मिनिटं बोलतो आणि खरं फक्त वीस सेकंद बोलतो," असं एकदा मला म्हणाली होती. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं.

एका सोमवारी ती कामावर गेली तर कचेरीला कुलूप. पहारेकऱ्याने प्रत्येकाच्या नावाचं खोकं तयार ठेवलं होतं. आपलं खोकं उचलून ती घरी न जाता माझ्याकडे आली. घरी बाप म्हणणार, मी सांगितलंच होतं. खोक्यात एक कप, कानाला लावायचे हेडफोन आणि वाळलेलं एक रोप होतं. रोपाला तिने माझ्या मोरीत पाणी घातलं आणि मग रडली.

मी तेव्हा एका संस्थेत अठरा वर्षांपासून बायकांचे गट चालवत होते. संस्थेचं काम असं, की बाहेरचे पैसेवाले लोक थोड्या नफ्यावर समाधान मानून आमच्याकडे पैसे ठेवायचे, आणि त्यातून आम्ही बायकांना धंद्यासाठी लहान कर्जं द्यायचो. पैसेवाल्यांना आपला पैसा कुठे गेला ते बघायचं असे. त्यासाठी फोटो लागत, फिल्म लागत. मी आमच्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाईंकडे, चिवीसाठी शब्द टाकला. पुढच्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली.

पहिलं वर्ष तिने सोन्यासारखं काम केलं. माझ्याबरोबर बैठकांना यायची, सतरंजीवर मांडी घालून बसायची, कुणाची सासू आजारी, कुणाचा मुलगा नापास, सगळं तिला पाठ. बायका तिला कॅमेरावाली म्हणत. एखादीची फिल्म झाली की आधी तिलाच नेऊन दाखवायची. एक भाजीवाली स्वतःला पडद्यावर बघून म्हणाली, "अगं, मी एवढी जाड आहे आणि मला कुणी सांगितलं नाही?" सगळा गट हसून लोळला होता.

आता या फिल्मांची एक रीत होती, ती सांगायला हवी. प्रत्येक फिल्मला दोन भाग लागत. एक 'आधी'चा आणि एक 'नंतर'चा. कर्जाआधी बाई कशी राहत होती आणि कर्जानंतर तिचं कसं बरं झालं. पण बाईचं बरं झाल्याशिवाय कॅमेरा तिच्या दारात जातच नाही. मग 'आधी' कुठून आणायचं? ते पुन्हा उभं करायचं. जुने कपडे घालायला लावायचे, जुनी जागा शोधायची, चूल मांडायची. सगळ्याच संस्था करत होत्या. खोटं बोलतोय असं कुणाच्या मनात यायचं नाही, कारण बाईने हाल काढलेले असायचेच, आपण फक्त ते परत मांडतोय. चिवीने सुरुवातीला मोठ्या बाईंना विचारलं होतं. वाहिनीत अशा दृश्याच्या कोपऱ्यात 'हे पुन्हा उभं केलेलं आहे' असं लिहायचे, आपण लिहूया का? बाई म्हणाल्या, अक्षरं आली की बघणाऱ्याचं मन उडतं. चिवीने विषय सोडून दिला. मीही तिथेच बसले होते.

दुसऱ्या वर्षी शिवणवालीची फिल्म करायची ठरली. ही माझ्या सगळ्यात जुन्या गटातली. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई. दुकानात तीन यंत्रं, शाळांच्या गणवेशाचं काम, मुलगी परगावी नर्सिंगला. पाच कर्जं घेतली आणि पाचही वेळेवर फेडली. तिचा नवरा गवंडी होता, त्याच्या आठ वर्षं आधी छातीच्या आजाराने गेला. दुकान होण्याआधी नऊ वर्षं ती मागच्या खोलीत शिवत होती. ती खोली अजून होती, त्यात कापडाचे गठ्ठे ठेवलेले असत. फिल्मचं नाव काढल्यावर वहिनी लाजली, मग म्हणाली, ताई म्हणतात तर करू.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. वहिनीचं हातानं फिरवायचं जुनं यंत्र तिने कधीच विकलं होतं, म्हणून मी माझ्या घरचं नेलं होतं. त्याचा रंग उडालेला, मूठ दोऱ्याने बांधलेली. वहिनी ते बघून म्हणाली, "ताई, माझं यंत्र एवढं गरीब नव्हतं हो." आम्ही हसलो. संमतीच्या कागदावर सही झाली आणि वहिनी जुने कपडे घालायला आत गेली.

चिवी मागच्या खोलीत उभी राहून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग कुरकुरत म्हणाली, "आत्या, ही खोली फारच छान दिसतेय."

दिसत होतीच. खोली लहान होती, भिंतींना पोपडे आलेले, पण तिला खिडकी होती. रुंद, आणि नेहमीपेक्षा खाली बसवलेली. तिची कड बरोबर यंत्राच्या उंचीला यायची, म्हणजे उजेड सुईवर पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. सकाळचं ऊन सरळ आत येऊन जमिनीवर पसरलं होतं. चिवीचं म्हणणं, यात हाल कुठे दिसतात? काहीतरी लावायला हवं.

गठ्ठ्यांवर एक रिकामं पोतं पडलं होतं. ते मीच उचललं. खिडकीच्या वर पडद्याचे दोन खिळे होते, त्यांना मीच अडकवलं. खोली एकदम विझल्यासारखी झाली. चिवी म्हणाली, वा.

तेवढ्यात वहिनी कपडे बदलून दारात आली. तिने खिडकीकडे बघितलं, जवळ गेली, आणि पोत्याखालून हात घालून त्या कडेवर हात ठेवला. मी विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, "तुमचं काम आहे, ताई. करा."

एवढी वर्षं मी बायकांच्या बैठका घेतल्या. 'करा' म्हणजे हो कधी असतं आणि कधी नसतं, हे मला ऐकू यायला हवं होतं. मला तेव्हा अकराची दुसरी बैठक गाठायची होती.

फिल्म साडेतीन मिनिटांची झाली. जाड आवाजाचा एक माणूस सांगतो, या अंधाऱ्या खोलीत तिने नऊ वर्षं सुई ओढली. मग दुकान, उजेड, तीन यंत्रं, हसरी वहिनी. बघून माझ्याच डोळ्यांना पाणी आलं, आणि पोतं मी लावलेलं. ती फिल्म दूरदूर गेली. तिच्यामुळे संस्थेत नवे पैसे आले आणि त्यातून तीनशेच्या वर बायकांना कर्ज मिळालं. त्या बायका मला माहीत आहेत, त्यांचे धंदे उभे राहिले, हे मी नाकारणार नाही. चिवीचा पगार वाढला, तिला स्वतःची खोली मिळाली. माझ्या भावाने पहिल्यांदाच शेजाऱ्यांना घरी बोलावून लॅपटॉप उघडला. बातमी वाचणारी कुठे आहे, असं एका शेजाऱ्याने शेवटी विचारलंच.

मग पाहुणे यायला लागले. ज्यांनी पैसे ठेवले होते त्यांना ती अंधारी खोली प्रत्यक्ष बघायची होती. कचेरीतून मला फोन यायचा, मी वहिनीला करायची. दोन गाड्या येताहेत, जरा तयारी ठेवा. तयारी म्हणजे गठ्ठे हलवायचे, माझं यंत्र मांडायचं आणि पोतं लावायचं. पहिल्या वेळी मी लावलं. दुसऱ्या वेळी मी पोचायच्या आत वहिनीने लावून ठेवलं होतं. मला बरं वाटलं, काम सोपं झालं म्हणून.

तिसऱ्या वेळी वहिनीची मुलगी सुट्टीवर आलेली होती. पाच पाहुणे होते. दारातून वाकून आत आले, एकीने भिंतीला हात लावला, तिचे डोळे भरले. एका उंच गृहस्थाने काहीतरी विचारलं. त्यांची भाषा आमच्यापैकी चिवीलाच येत होती, तिने सांगितलं, हे विचारताहेत, साधी खिडकीही नसलेल्या खोलीत तुम्ही दिवस कसे काढलेत?

वहिनीने पोत्याकडे बघितलं. मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती सरळ चालत गेली, पोत्याला हात घातला आणि एका झटक्यात ओढून काढलं. पाहुण्यांनी डोळ्यांवर हात धरले. एवढं ऊन आलं.

"खिडकी आहे," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांनी काढलीय. आईला सुई दिसावी म्हणून. सांगा त्यांना."

सगळे चिवीकडे बघायला लागले. मीही बघत होते. ती त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. पाहुण्यांचे चेहरे खुलले. उंच गृहस्थाने खिडकीचा फोटो काढला, कडेवर थाप मारली, वहिनीला हात जोडले. मला वाटलं, चला, निभावलं. घरी आल्यावर मी देवासमोर हात जोडले, पोरीने वेळ सांभाळली म्हणून.

पुढच्या आठवड्यात बैठकीला वहिनी आली नाही. तिचा हप्ता शेजारणीने आणून दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. मग एक हातगाडीवाला माझं यंत्र घेऊन दारात आला. पुसलेलं, तेल घातलेलं, मुठीला नवा दोरा बांधलेला. निरोप काहीच नव्हता.

मी दुकानात गेले. मागच्या बाजूला विटांचा ढीग दिसला. खोली पाडली होती. वहिनी कापडावर खडूने रेघ मारत होती, ती तिने पुरी केली आणि मग बोलली.

"खिडकी तुमच्या संस्थेने दिली म्हणे."

मला कळेना. मग तिने सांगितलं, मुलीला कॉलेजात ती परकी भाषा शिकवतात, आजाऱ्यांशी बोलण्यापुरती. तेवढी पुरली. चिवीने पाहुण्यांना सांगितलं होतं, कर्ज मिळाल्यावर यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ही खिडकी काढली.

वहिनी रागावलेली नव्हती, म्हणजे आवाज चढला नव्हता. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तिच्या नवऱ्याने दिवसभर लोकांच्या भिंती बांधून संध्याकाळी ती खिडकी काढली होती, एवढंच तिने सांगितलं. उंची मापायला तो तिला स्टुलावर बसवायचा. आता पाहुणे आले तरी त्यांना दाखवायला काही राहू नये, म्हणून खोलीच पाडून टाकली. "मीच दोन वेळा पोतं लावलं," ती म्हणाली, "दुसऱ्याला काय बोलू?"

मी तशीच कचेरीत गेले. चिवी तिच्या खोलीत पडद्यासमोर बसलेली होती. मी विचारल्यावर तिने कानावरचे हेडफोन काढले आणि लगेच कबूल केलं. "आत्या, तोंडातून निघून गेलं. खरं सांगितलं असतं तर सगळी फिल्मच खोटी पडली असती त्यांच्यासमोर. तीनशे बायकांचं काय झालं असतं?" मी म्हटलं, उद्या जाऊन माफी माग. ती म्हणाली, जाते. तिला जायचं होतं हे मला ठाऊक आहे. दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्याचं तिने मला पुढे सांगितलं. महिनाभराने आमच्यासारख्या संस्थांना पैसे पुरवणाऱ्या, दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या निधी-संस्थेत तिला जागा मिळाली आणि ती गेली. मी तिला निरोप द्यायला स्टँडवर गेले होते. वहिनीचं नाव ना तिने काढलं, ना मी.

मीही नाव काढलं नाही ते काढलंच नाही. देवाला मी सगळं सांगते, गुडघा दुखतो इथपासून. हे मात्र कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं, जणू काही त्याला दिसलंच नसेल.

चिवीचं त्या संस्थेत चांगलं झालं. वर्षागणिक ती वर चढत गेली, हाताखाली माणसं आली, नव्या पोरांना फिल्म कशी करायची ते शिकवायला लागली. शिकवायच्या सामानात तिची तीच जुनी फिल्म होती. चांगल्या कामाचा नमुना म्हणून. दर वर्षी दिवे घालवून ती दाखवली जायची आणि दर वर्षी चिवी मागे उभी राहून बघायची. पाचव्या की सहाव्या वर्षी एका पोरीने विचारलं, मॅडम, त्या कोपऱ्यातून जरासा उजेड येतोय तो कुठून? पोत्याची एक बाजू नीट बसली नव्हती. चिवीने पोरांना खरं काय ते सांगून टाकलं. पाहुण्यांना सांगितलेलंसुद्धा. ते वरपर्यंत गेलं. तिला काढलं नाही, पण शिकवायचं काम काढून घेतलं आणि वार्षिक अहवाल लिहायला बसवलं. जुनी फिल्म मागे घ्या म्हणून तिने आमच्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. त्यांनी आपल्याकडची काढली. बाकी वीस ठिकाणी गेलेली कोण काढणार?

गेल्या वर्षी, त्या सगळ्याला सात वर्षं झाल्यावर, ती आली तेव्हा मला आधी तिची शांतताच जाणवली. जेवताना मीच बोलत होते. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून एक पाकीट काढलं आणि म्हणाली, उद्या शिवणवाल्या काकूंकडे जायचंय, तू येशील?

त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण तिने शोधलं होतं. पण आमच्या संस्थेत कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरायची पद्धत, त्यामुळे काही उरलं नव्हतं. फक्त कॅमेरा लावताना उजेड बघायला घेतलेला अकरा सेकंदांचा तुकडा एका जुन्या डिस्कवर राहिला होता. त्यातही पहिले काही सेकंद धूसर. खिडकी स्पष्ट दिसायला लागते आणि लगेच डावीकडून पोतं घेतलेला एक हात आत येतो. घड्याळासकट. माझा. चिवीने त्यातलं एक चित्र मोठं करून आणलं होतं. खिडकी आहे, ऊन आहे, कडेवर कात्री आणि दोऱ्याचं रीळ आहे, आणि कोपऱ्यात माझा हात. उंच गृहस्थाकडे एक फोटो असणार, पण त्यांचा पत्ता कुणाकडेच नव्हता. म्हणजे त्या खिडकीचं आपल्या हाताशी असलेलं चित्र एवढंच, आणि ते ती झाकतानाचं.

आम्ही गेलो. वहिनी कापायच्या मेजाशी होती, आता चष्मा लागलाय. मागच्या यंत्रावर एक बाई शिवत होती, तिचं शिवणं चालूच राहिलं. चिवीने रस्त्यात काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं. प्रत्यक्षात तिने एवढंच म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी खोटं सांगितलं. खिडकी काकांची होती." आणि फोटो मेजावर ठेवला.

वहिनीने हात कपड्याला पुसले. फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ बघितलं.

"गज तीन होते," ती म्हणाली. "मला दोनच आठवत होते."

मग तिचं बोट कोपऱ्यावर गेलं. "हा हात काढता येतो का?"

चिवी म्हणाली, "येतो काकू. दोन मिनिटांचं काम आहे. पण माझ्याच्याने होणार नाही. आता मी चित्रातून काही काढत नाही. तुम्हाला हवं असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून आणते."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा असं सरळ.  माफ करा म्हणायचं ते ओठांवर आलं होतं, पण चिवीचं बोलून झालं होतं आणि माझं सात वर्षं राहिलं होतं. मध्येच कसं घुसवायचं ते मला सुचलं नाही.

"राहू दे," वहिनी म्हणाली आणि फोटो खडूच्या खणात ठेवला. चिवीला विचारलं, परत कधी जाणार? संध्याकाळी, ती म्हणाली. मग वेळेवर निघ, असं म्हणून वहिनीने कात्री हातात घेतली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

स्टँडवर चिवीने मला सांगितलं की ती आता पुन्हा लहान लहान फिल्म करते, आणि कोपऱ्यात अक्षरं टाकते. बघणाऱ्याचं मन उडतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, उडतं. गाडी सुटेपर्यंत ती एवढंच बोलली. भाऊ परवा म्हणत होता, पोरगी मोठी झाली, किती समंजस झाली बघ, घरात आल्याचंही कळत नाही. 

मी महिन्याभराने कपडे शिवायला टाकायच्या निमित्ताने दुकानात गेले. फोटो चौकट करून कापायच्या मेजाच्या वर लावलेला होता, जिथे मागच्या खोलीचं दार होतं ते आता बुजवलंय, त्या भिंतीवर. गिऱ्हाईक आत आलं की पहिली तीच दिसते. खिडकी, तीन गज आणि माझा हात.

वहिनीने मापाची फीत घेतली. मी हात पुढे केला. तिने खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, घड्याळ जरा मागे सारलं, आणि वहीत आकडा लिहिला. पूर्वी ती मला ताई म्हणायची.

"बाही एवढीच ठेवू ना, बाई?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एवढीच ठेवा.